वराम्यावरचे चार नांगर

नाखव्यांच्या लेखातला एक शब्द मी बदलला, आणि भरल्या सभागृहात त्यावर हशा पिकला तेव्हा ती चूक त्यांचीच आहे असं भासवून मोकळा झालो. हे आधीच लिहून टाकतो. पुढे त्यांच्याबद्दल जे लिहिणार आहे ते वाचून मी कुणाला भला माणूस वाटू नये, एवढ्यासाठी.

शब्द होता ‘वरामा’. जहाजाच्या पुढच्या टोकाला नाळ म्हणतात आणि मागच्या भागाला वरामा. मी पुण्याचा, कुवेतमध्ये एका बँकेच्या आयटी विभागात नोकरी करणारा. मला हा शब्द माहीत नव्हता. माहीत नसणं हा काही गुन्हा नाही. पण ज्या माणसाची चाळीस वर्षं पाण्यावर गेली त्याला तो माहीत असेल, एवढंही माझ्या मनात आलं नाही. मनात आलं ते असं: कोळी माणूस, शाळा सातवीपर्यंत, शुद्धलेखन कच्चं असणारच. संगणकानं त्या शब्दाखाली लाल रेघ मारली, मी तिच्यावर विश्वास ठेवला, आणि ‘वराम्यावरून’चं ‘वरांड्यावरून’ केलं. एक फोन करायचा होता. केला नाही.

त्यांचं नाव धर्मा. रेवदंड्याजवळच्या कोळीवाड्यातले. कुवेतच्या बंदरात मोठी जहाजं धक्क्याला लावणाऱ्या टगवर ते वीसएक वर्षं होते. राहायला मिरकाबमधल्या एका जुन्या इमारतीत, कोकणातल्याच चौघांबरोबर एका खोलीत. दोघे सुतार, एक एसी दुरुस्त करणारा, एक रंगारी. सगळे त्यांना नाखवा, म्हणजे होडीचा कप्तान, म्हणायचे, म्हणून आम्हीही म्हणायला लागलो. अंगानं सडपातळ, केस पांढरे आणि भुवया मात्र काळ्या कुळकुळीत. सपाट फरशीवर उभे राहतानाही पाय फाकवून उभे राहायचे, जणू फरशी केव्हाही कलेल. कुणाच्याही घरी गेले की टेबलाच्या कडेचे पेले हळूच मध्यभागी सरकवायचे. यजमानांचे, पाहुण्यांचे, सगळ्यांचे. माझी बायको मीनल पहिल्यांदा जरा चिडली होती. म्हणाली, “नाखवा, भूकंप होणार आहे का?” ते म्हणाले, “वैनी, सवय हो. पानी सांगून येत नाय.”

आणखी एक सवय. कुठूनही निघताना ते माणसं मोजायचे. समुद्रकिनाऱ्यावरून, हॉटेलातून, अगदी आमच्या हॉलमधून मुलं निघाली तरी. बोट नाचवत, ओठ हलवत मोजायचे आणि आकडा जुळला की मगच चप्पल घालायचे.

आमची ओळख झाली ती आम्ही राहतो त्या सालमियात, एका ओळखीच्या घरी गणपतीच्या आरतीला. मखराची एक दोरी सुटली होती आणि आम्ही चार इंजिनियर ती बांधत होतो. हा माणूस मागून आला, “सरका जरा” म्हणाला आणि एका हातानं अशी गाठ मारली की सगळे बघत राहिले. माझी मुलगी मुक्ता तेव्हा अकरा वर्षांची होती. तिनं विचारलं, “हाऊ डिड यू डू दॅट?”

नाखवा म्हणाले, “बाय, मराठीत इचार. इंग्रजीत इचारलंस तर गाठ सुटते.”

मुक्तानं खरंच मखराकडे बघितलं. मग अडखळत म्हणाली, “तुम्ही हे कसं केलंत?”

“आता कसं! ये, दाखवतंय.”

त्यानंतर शुक्रवार सकाळ त्यांची झाली. थंडीच्या दिवसांत गल्फ रोडवर समुद्राकाठी, उन्हाळ्यात आमच्या हॉलमध्ये. सहा-सात मुलं जमायची. आम्ही आईबाप इतकी वर्षं “मराठीत बोल, मराठीत बोल” म्हणून थकलो होतो. नाखव्यांनी ते कधी म्हटलंच नाही. ते मुलांना खलाशी समजून हुकूम सोडायचे आणि हुकूम कळला नाही तर जहाज बुडायचं. मुलांना जहाज बुडवायचं नव्हतं, म्हणून ती शब्द शिकली. नाळ, वरामा, डोलकाठी, सुकाणू, वल्हं. आधी गाठी झाल्या. गाठी संपल्यावर त्यांनी पौलाचं जहाज काढलं.

आता हे जरा सांगायला हवं, कारण पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मलाही चमत्कारिक वाटलं होतं. कोळीवाड्यातला, घरात खंडोबाचा टाक असलेला माणूस सालमियातल्या हिंदू मुलांना ख्रिस्ती धर्मातल्या एका संताची गोष्ट का सांगतो? एका वडिलांनी तसं विचारलंही. नाखवा म्हणाले, “संत आसंल. मी त्याला जहाजावर बगितला.”

झालं होतं असं, की टगवर नगरकडचा एक ख्रिस्ती मेकॅनिक होता. काम नसलं की तो इंजिनाशेजारी बसून मराठीतलं शास्त्र, म्हणजे बायबल, मोठ्यानं वाचायचा. एकदा पौलाच्या सागरप्रवासाचा अध्याय आला. पौल हा ज्यू घरातला, येशूचा प्रचार करतो म्हणून पकडलेला कैदी. रोमच्या बादशहापुढे न्याय मागायला त्याला एका रोमन अधिकाऱ्याच्या पहाऱ्यात समुद्रमार्गे नेतात. इजिप्तचा गहू रोमला नेणारं मोठं जहाज. सोबत शिपाई, कैदी, खलाशी, पावणेतीनशे माणसं. वाटेत वादळ गाठतं आणि पंधरवडाभर ना सूर्य दिसत ना तारा. शेवटी एका बेटाला जहाज आपटून फुटतं, पण सगळी माणसं वाचतात.

मेकॅनिक ते भक्तीनं वाचत होता. नाखवा सुकाणूशी उभे राहून वेगळंच ऐकत होते. त्यांनी त्याला थांबवलं. “परत वाच. पानी किती म्हनलास?” आधी वीस वाव, थोडं पुढं गेल्यावर पंधरा. “हा लिवनारा मानूस जहाजावर व्हता,” नाखवा म्हणाले. “घरी बसून ह्ये लिवता येत नाय.”

तिथून त्यांना ते वेड लागलं. त्यांनी तो अध्याय एखाद्या अपघाताच्या अहवालासारखा तपासायला घेतला. वारा कुठून फिरला, शीड केव्हा उतरवलं, जहाजाला बाहेरून दोर आवळून का बांधलं, मागं ओढत आणलेली होडी वर का घेतली. मुलांना वाव समजावा म्हणून दोन्ही हात पसरून उभे राहायचे. या हाताच्या टोकापासून त्या हाताच्या टोकापर्यंत एक वाव. मग मुलांनी आमचा हॉल मोजला, जिना मोजला, पार्किंग मोजलं. इमारतीचा इजिप्शियन वॉचमन बघायला आला तर त्यालाही हात पसरायला लावले. त्याचा वाव सगळ्यांत मोठा निघाला.

त्यांना पौल आवडायचा तो चमत्कारांसाठी नाही. “त्येच्या हातात धंदा व्हता,” ते म्हणायचे. पौल तंबू शिवायचा. रोममधून ज्यू लोकांना बाहेर काढलं तेव्हा एक तंबूवालं जोडपं परगावी जाऊन राहिलं होतं, आणि पौल त्यांच्याकडे उतरला, त्यांच्यातच कामाला लागला. हे सांगताना नाखवा आपल्या खोलीतल्या सुतारांचं उदाहरण द्यायचे. “परक्या मुलखात आपलं मानूस कसं शोधायचं? धंद्यानं शोधायचं. शनवारी प्रार्थनेला जमनारे आपले, आनि सुई चालवनारे आपले. दोन घरं झाली. बस झालं की!” पौल जन्मानं रोमन नागरिक होता आणि अधिकाऱ्यांना ते कळलं की त्यांचा आवाज खाली यायचा. हे मुलांना कुवेतच्या सरकारी ओळखपत्रावरून एका वाक्यात कळायचं. “त्येचा सिव्हिल आयडी पक्का व्हता.”

ज्यू लोकांबद्दल ते बोलायचे ते शेजाऱ्यांबद्दल बोलावं तसं, कारण त्यांच्या लहानपणी रेवदंड्याला शेजारच्या आळीत बेने इस्राएली, म्हणजे कोकणातल्या ज्यूंची, घरं होती. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचा. त्यांचेही पूर्वज जहाज फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागले होते, अशी त्यांची कथा. त्यातल्या हन्नाबाई नावाच्या म्हातारीला नाखवा फार मानायचे. तिच्या घरी एक कडक उपासाचा सण असायचा, त्याला ती ‘दारफाळणीचा सण’ म्हणायची. त्या दिवशी सगळे पांढरे कपडे घालून दारं लावून आत बसायचे.

एका शुक्रवारी नाखवा नेहमीपेक्षा लवकर आले. दारातूनच म्हणाले, “सायेब, सापडलं!” काय सापडलं? पौलाच्या गोष्टीत एक ओळ आहे, की उपासाचा दिवस उलटून गेला होता आणि आता पुढं जाणं धोक्याचं होतं. मेकॅनिकला ती कळली नव्हती. उपासाचा नि समुद्राचा काय संबंध? नाखव्यांना बसमध्ये उलगडा झाला होता. “आवो, हन्नाबायचा सन! दारफालनी! तो सरला की त्यांचा थंडीवारा चालू. आपला दर्या नारली पुनवेला उघडतो, त्यांचा दारफालनीला मिटतो. घराची पन दारं लागली, दर्याची पन लागली.” ते इतके खूश होते की चहा घ्यायचा विसरले. मी बँकेच्या एका मीटिंगच्या गडबडीत होतो. “वा, छान,” म्हटलं आणि लॅपटॉप उघडला. आज वाटतं, त्या दिवशी मी तो लॅपटॉप मिटायला हवा होता.

या देशाशीही त्यांचं नातं पाण्यावरूनच होतं. एकदा मी त्यांच्याबरोबर मुबारकियाच्या मासळी बाजारात गेलो होतो. गर्दीत मी मागे पडलो, म्हणून हाक मारली, “ओ नाखवा!” नाखवा वळले आणि त्यांच्या पुढे काठी टेकत चाललेला एक वृद्ध कुवेतीही वळला. “नोखदा?” तो म्हणाला. इथं जुन्या गलबतांच्या कप्तानाला नोखदा म्हणतात. त्याचे वडील नोखदा होते, खजूर घेऊन मुंबईला यायचे. त्याला मोडकीतोडकी हिंदी येत होती. दोघे बर्फाच्या पेट्यांवर बसले आणि अर्धा तास वाऱ्यांची नावं एकमेकांना सांगत राहिले. हा शमाल, तो कौस, तुमच्याकडे काय म्हणतात? मी हातात पापलेटं धरून उभा. निघताना म्हाताऱ्यानं नाखव्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि अरबीत काहीतरी म्हणाला. मी विचारलं, काय म्हणाला? नाखवा म्हणाले, “मला कुटं कलतं? पन बरं बोलला.”

तर असा माणूस लिहीतही होता, हे आम्हाला दोन-तीन वर्षांनी कळलं. शाळेच्या वह्या, निळी शाई, रेघ न सोडता लिहिलेलं ठसठशीत अक्षर. पौलाचा प्रवास एका दर्यावर्दीच्या नजरेतून. नऊ वह्या झाल्या होत्या आणि जहाज बेटाला लागलं होतं. तिथून रोम राहिलं होतं. “रोमला पोचवलं की मी गावी जायला मोकला,” असं ते म्हणायचे. एवढी एकच गोष्ट मी त्यांच्या तोंडून स्वतःसाठी मागितलेली ऐकली: हे पुस्तक व्हावं, आणि कोळीवाड्यातल्या पोरांनी ते वाचावं. “आमच्या पोरांना वाटतं, पुस्तकं भटा-बामनांनी लिवायची,” ते एकदा म्हणाले आणि लगेच, “तुमी राग नका मानू.”

मी इथल्या मराठी मंडळाच्या वार्षिक अंकाचा संपादक होतो. मी म्हटलं, एक भाग द्या, छापू. त्यांनी नांगरांचा भाग दिला. तो त्यांचा जीव की प्राण होता. वादळातलं जहाज पहाटेआधी खडकांजवळ येतं, तेव्हा खलाशी नांगर टाकतात ते पुढून नाही, मागून, चार. कुणीही म्हणेल हे चुकलंय, नांगर नाळेवरून टाकतात. पण नाखव्यांनी तसंच एकदा केलं होतं. तरुण असताना, कोर्लईच्या खडकांपाशी, भर दुपारी वारा फिरला तेव्हा. पुढून नांगर टाकला असता तर होडी गर्रकन फिरून तिची पाठ खडकांवर गेली असती. मागून टाकला म्हणून ती होती तशीच, तोंड किनाऱ्याकडे करून उभी राहिली, आणि पाणी वाढल्यावर वाळूत घुसवता आली. होडीत त्यांचे वडील आणि दोन भाऊ होते. लेखाच्या शेवटी त्यांनी लिहिलं होतं की दोन हजार वर्षांपूर्वी परक्या पाण्यावर कुणीतरी तोच विचार केला, हे वाचून मला माझ्या माणसांत आल्यासारखं झालं.

त्या लेखात मी वरांडा घातला.

अंकाचं प्रकाशन एका शाळेच्या सभागृहात होतं. निवेदन करणारा प्रमोद अंकातले निवडक उतारे वाचत होता. तो चांगला वाचतो. नाखव्यांचा उतारा त्यानं आवाज चढवत वाचत आणला. वादळ, अंधार, खडक. आणि मग, “तेव्हा खलाशांनी वरांड्यावरून चार नांगर सोडले…” इथं तो स्वतःच अडखळला. मग कुठून तरी फिस्सकन हसू फुटलं आणि सगळं सभागृह हसायला लागलं.

“नाखवा, जहाज होतं की चाळ?”

“वन बीएचके होतं का टू?”

“वरांड्यात कपडे वाळत घातले होते का हो?”

प्रमोदनं हसत हसत माझ्याकडे बघितलं. “सुधीर, अरे संपादक ना तू? निदान नजर तरी टाकायचीस!”

माझ्या हातात माइक होता. आठवतो मला त्याचा गारवा. तेव्हा एका वाक्याचं काम होतं. मी म्हणालो, “लेखकाची भाषा आहे तशी ठेवलीय मी. अस्सल चव जायला नको ना!”

त्यावर जो हशा झाला तो आधीच्याहून मोठा होता.

नाखवा तिसऱ्या रांगेत, मुक्ताच्या शेजारी बसले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, खोलीतल्या चौघांना बरोबर घेऊन आले होते. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. अंकाचं ते पान उघडून त्यांनी ओळीवर बोट ठेवलं, वाचलं, आणि अंक मिटला. चहाच्या वेळी मी मुद्दाम अध्यक्षांशी बोलत राहिलो. वळून पाहिलं तेव्हा ते निघून गेले होते. माणसं न मोजता.

घरी जाताना गाडीत मुक्तानं विचारलं, “बाबा, नाखवाकाका तर वरामा म्हणतात. मग वरांडा कसं झालं?”

“प्रिंटिंग मिस्टेक,” मी म्हणालो. एका संध्याकाळी दुसरं खोटं.

पुढच्या शुक्रवारी नाखवा आले नाहीत. ड्यूटी बदलली, असा निरोप आला. त्याच्या पुढच्या शुक्रवारीही नाही. मुलं हळूहळू पोहण्याच्या क्लासला, ट्यूशनला पांगली. त्यांच्या खोलीतला एसीवाला आमच्याकडे कामाला आला तेव्हा मी सहज विचारल्यासारखं विचारलं, नाखवा लिहितात का? तो म्हणाला, “वह्या ट्रंकेत टाकल्यान. म्हणतात, आमचं काम नाय ता. करार संपलो की जातलंय.” मी त्याला पाण्याचा पेला दिला आणि विषय बदलला. असे आठ महिने गेले. या आठ महिन्यांत मी मंडळाच्या तीन कार्यक्रमांत मराठी भाषा जपण्याबद्दल बोललो, हेही इथं लिहिलं पाहिजे.

मग नाखव्यांच्या कराराचे दोनच महिने उरल्याचं कळलं. नऊ वह्या गावच्या एखाद्या माळ्यावर जाणार, रोम राहून जाणार, आणि ते माझ्यामुळे. एका शुक्रवारी दुपारी मी मिरकाबला गेलो. खोलीत बांगड्याच्या कालवणाचा वास होता. सुतारांपैकी एकानं मला खुर्ची दिली आणि सगळे काहीतरी आणायचं निमित्त काढून खाली गेले. नाखवा खाटेवर बसून शर्टाचं बटण लावत होते.

मी वाटेत पाठ केलेलं सगळं विसरलो. म्हणालो, “नाखवा, तो शब्द मी बदलला होता.”

“ठावं हाय,” ते म्हणाले. दोरा दातांनी तोडला. “आमच्या घराला वरांडा कुटं हाय? ओटी हाय. मला वरांडा लिवायचा आसता तरी मी ओटी लिवली आसती.”

मला हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरून आले. “मग तिथंच बोलला का नाहीत? तुमच्याकडे तर मूळ वही होती.”

“बाय बाजूला बसलेली.” त्यांनी शर्टाची घडी घातली. “मला चार लोकं हसली, हसू देत. पन तिच्यासमोर तिचा बाप खोटा पडला आसता. त्ये बरं नाय.”

मी त्यांना सांगितलं नाही, की मुक्तानं त्या संध्याकाळी गाडीतच मला तो शब्द विचारला होता. त्यांनीच तो तिला शिकवला होता.

“माफ करा मला,” मी म्हणालो.

“हितं कशाला? हितं कोन हसला व्हता?” आवाजात राग नव्हता. नांगर कुठं टाकायचा ते समजावून सांगावं तसं ते सांगत होते. “सायेब, लिवायला बसलो ना, की ती सगली मानसं कानात हसतात. हात चालत नाय. मला वाटतं, खरंच नसंल असा शब्द. आमच्यातच कायतरी बोलत आसतील. माफी ऱ्हाऊ दे. तो शब्द हाय, येवडं त्यांना सांगा.”

घरी येऊन मी आधी मुक्ताला सगळं सांगितलं, आणि संक्रांतीच्या कार्यक्रमात सगळ्यांसमोर सांगणार आहे हेही. चौदा वर्षांची झाली होती. तिनं कपाटातून तो अंक काढून ते पान बघितलं. मग मराठीतच म्हणाली, “म्हणजे मी विचारलं तेव्हा तुम्हाला माहीत होतं.” मी हो म्हणालो. ती उठून आपल्या खोलीत गेली. थोड्या वेळानं दार उघडून म्हणाली, “मी येणारे त्या दिवशी. पहिल्या रांगेत बसणारे.”

नाखवा आता गावी आहेत. भावाच्या नातवाला धरून त्यांनी फोनवर फोटो पाठवायला शिकून घेतलंय. दहाव्या वहीची पानं एकेक करून येतात, कधी तिरकी, कधी अंगठ्यासकट. मी टाइप करतो, मुक्ता तपासते, आणि अडलेला प्रत्येक शब्द फोन करून विचारते. मागच्या आठवड्यात पौल रोमला पोचला. भाड्याच्या घरात उतरला आणि गावातल्या ज्यू मंडळींना त्यानं भेटायला बोलावलं. त्या पानाच्या समासात नाखव्यांनी लिहिलंय, ‘परगावी पोचल्यावर आधी आपली माणसं बोलवायची, बरोबर केलं.’ पुस्तक होईल. कोळीवाड्यातल्या वाचनालयानं पहिल्या प्रती मागून ठेवल्यात.

पण हे झालं मंडळाच्या त्या संक्रांतीच्या कार्यक्रमानंतर. तेच सभागृह, तीच माणसं, तिळगुळाच्या पुड्या वाटून झालेल्या. प्रमोदला मी आधी सांगून दोन मिनिटं मागितली होती. नाखवा शेवटून दुसऱ्या रांगेत, आपल्या चौघांच्या मध्ये बसले होते. मुक्ता म्हटल्याप्रमाणे पहिल्या रांगेत. मी माइक घेतला तेव्हा लोक अजून बोलत होते. मी थांबलो. बोलणं कमी झालं. नाखव्यांनी लांबून हाताची बोटं किंचित हलवली, टगला धक्क्याकडे घ्यायची खूण करावी तशी, की या, या, सावकाश. आणि मी बोललो.

“मागच्या अंकात नाखव्यांच्या लेखात वरांडा असा शब्द छापला होता. आपण सगळे त्यावर हसलो. नाखव्यांनी वरांडा लिहिलं नव्हतं. त्यांनी वरामा लिहिलं होतं. असा शब्द आहे. जहाजाच्या मागच्या भागाला वरामा म्हणतात, आणि पौलाच्या जहाजाचे चार नांगर तिथूनच टाकले होते. तो मराठी शब्द आहे आणि तो मला येत नव्हता. येत नसताना मी तो बदलला. तुम्ही हसलात तेव्हा मी म्हणालो की ती लेखकाची भाषा आहे. ते खोटं होतं. मला माहीत असून मी खोटं बोललो, कारण तुम्ही माझ्याऐवजी त्यांना हसलेलं मला चालणार होतं. मुक्ता, तुलाही मी खोटं सांगितलं. नाखवा, चूक माझी होती. तुमच्या लिहिण्यात काहीही चुकलेलं नव्हतं. मला माफ करा.”